एका नकारावर उभी वस्ती

गयाआत्या 'न्हाई' म्हणाली की आमच्या वस्तीवर सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. वरवर मात्र सगळे वैतागलेले असायचे. "घ्या, झालं पुन्हा न्हाई," असं म्हणत माझे वडील कपाळाला हात लावायचे आणि ताटावर बसले की रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त खायचे. हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्याचा अर्थ कळायला मात्र वस्ती मोडावी लागली.

आधी वस्तीचं सांगते, नाहीतर आत्या कळायची नाही. घनसावंगीच्या पुढं जांब समर्थकडं जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा आहे, तिथून आत. पाटीवर 'सम्यक वसाहत' असं लिहिलेलं होतं, पण पंचक्रोशीत त्या नावानं विचाराल तर कोणी पत्ता सांगितला नसता. लोक 'एकचूल' म्हणायचे. नामदेवमामा म्हणून मराठा घरातला एक तरणा माणूस होता, त्यानं वाटणीत आलेली आपली जमीन दिली. माझ्या वडलांसारख्या बौद्ध घरांतल्या काही पोरांनी तिथं विहीर खणली. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की इथं जात नाही, रानाला बांध नाही आणि घरात चूल नाही. चूल सगळ्यांत मिळून एक. माणसं एका पंगतीला रोज जेवत नाहीत तोवर बाकीची सगळी भाषणं, असं वडील म्हणायचे. सांजेला सगळ्यांनी बसून पंचशील म्हणायचं, मग जेवायचं आणि ज्याचं ताट त्यानं घासायचं. जांबला दर्शनाला निघालेले यात्रेकरू कधीकधी पंगत बघून अन्नछत्र समजायचे आणि येऊन बसायचे. त्यांनाही वाढलं जायचं. जेवण झालं की गयाआत्या त्यांच्यासमोर राखेची पाटी ठेवायची. एक धोतरवाले आजोबा म्हणाले, "बाई, आम्ही देवाला निघालोत." आत्या म्हणाली, "मंग घासलेल्या हातानं जावा."

वस्तीचा कारभार पौर्णिमेच्या बैठकीत चालायचा. अध्यक्ष नाही, चिठ्ठ्या नाहीत, हात वर करणं नाही. स्वयंपाकघरातली वरणाची लांब दांड्याची पळी हातोहात फिरायची. ज्याच्या हातात पळी त्यानं 'हो' म्हणायचं किंवा 'न्हाई' म्हणायचं. सगळ्यांचं हो आलं तरच गोष्ट व्हायची. एकानं जरी न्हाई म्हटलं तरी विषय तिथंच मिटला. पण न्हाई म्हणणं फुकट नव्हतं. ज्यानं न्हाई म्हटलं, त्यापायी जे काम वाढेल ते त्यानंच अंगावर घ्यायचं, असा दंडक होता. त्यामुळं तोंड उचललं आणि न्हाई म्हटलं, असं फारसं कोणी करायचं नाही. गयाआत्या करायची.

आणखी एक नियम होता, तो माझ्या वाट्याला आला. वस्ती सोडून वर्ष झालं की पळी तुमच्यावरून पुढं जायची. या, राहा, जेवा, भांडासुद्धा. पळी मात्र हातात मिळणार नाही. माझं लग्न झालं आणि मी जालन्याला आले. मस्तगडात घर, नवरा एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात, मी शाळेत शिकवते. सुटीत वस्तीवर जायचे तेव्हा बैठकीत आईच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि पळी माझ्या नाकासमोरून पलीकडं जायची. मला ते फार लागायचं. पण नियम म्हणजे नियम, आणि तो करताना वडलांनी काय माझा विचार केला नव्हता.

गयाआत्या वडलांची थोरली बहीण. म्हणजे माझी सख्खी आत्या. पण वस्तीत सख्खेपणाला कवडीची किंमत नव्हती, ती सगळ्यांचीच आत्या. लहानपणी मला याचा लई राग यायचा. एकदा मी तिला कोपऱ्यात गाठून विचारलं, "तू माझी सख्खी ना?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सख्खं-चुलत दुकानात इकायला ठिव. भूक लागली का तेवढं सांग." मी रुसून म्हणाले, नाही लागली. तिनं तव्यावरची पहिली पातळ भाकर उचलली, तेल-तिखट लावलं, माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून बसली. फटकळपणा मी तिच्याकडूनच घेतलाय. बाकीचं घ्यायचं राहून गेलं.

उंच, काटकुळी बाई. तरुणपणी नवऱ्यानं टाकलेली. त्याच्याबद्दल तिला कोणी काही विचारत नसे, तिनंच एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं होतं, "त्याला हो म्हणनारी पाहिजे व्हती." बास, तेवढंच. चुलीचा कारभार तिच्याकडं होता, म्हणून बैठकीतही ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची, एक डोळा वरणावर ठेवून. पळी त्यामुळं सगळ्यांकडून फिरत फिरत शेवटी तिच्याकडं यायची. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, चुलीमुळं तसं पडलं होतं. पण या शेवटच्या जागेनंच पुढं घात केला.

ती विचारात पडली की उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून फिरवायची. पाहुण्यांना वाटायचं म्हातारी मिश्री लावतेय. बोटावर काहीच नसायचं. त्याची गोष्ट अशी. पाचव्या शीलात नशेला बंदी. वस्तीवर दारू-बिडी कधीच नव्हती, पण बायकांची मिश्री चालू होती आणि सगळ्यांत जास्त आत्याची. एका पौर्णिमेला वडलांनी विषय काढला की मिश्री बंद करायची, फक्त आत्याला सवलत, कारण तिला फार जुनी सवय. पळी फिरली. हो, हो, हो. आत्याकडं आली तर "न्हाई."

वडील चिडले. "अगं, तुला तर सवलत दिली ना?"

"त्या सवलतीलाच न्हाई म्हन्ते मी. समद्यांना एक आन् मला एक, तर चूल तरी कामून एक ठिवली? दोन करा."

तिथल्या तिथं कमरेची डबी काढून चुलीत टाकली. त्यानंतर कितीतरी दिवस तिचं डोकं दुखायचं, पदर कपाळाला आवळून भाकरी थापायची, पण डबी पुन्हा आली नाही. नुसतं रिकामं बोट राहिलं.

नामदेवमामाचा मुलगा प्रकाशदादा. त्याची बायको सविता अंबडची, चांगल्या खात्यापित्या घरची. लग्न होऊन वस्तीवर आली ती माहेरून एक छोटी गॅसची शेगडी घेऊन. पहाटे उठल्यावर चहा पोटात गेल्याशिवाय तिला माणसाचं तोंड बघवायचं नाही. लपूनछपून करायची, पण आल्याचा वास कुठं लपतो? विषय बैठकीत आला. प्रकाशदादा खाली मान घालून बसलेला. सगळ्यांना नव्या सुनेची दया आली. चहापुरती शेगडी असू द्या, काय बिघडतंय, असं म्हणत सगळ्यांनी हो म्हटलं. आत्या म्हणाली, "न्हाई." सविता उठून आत गेली आणि तिच्या रडण्याचा आवाज बाहेर येत राहिला. मला वाटतं त्या दिवशी सगळ्या वस्तीला आत्याचा राग आला असेल.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सविताच्या दारावर थाप पडली. बाहेर आत्या, हातात किटली. "घे. आल्याचा हाय. न्हाई मी म्हनले, मंग चहा दुसरं कोन आनंल?"

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं ती किटली चालली. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन यायची. पुढं सविता स्वतःच स्वयंपाकघरात पहाटे यायला तयार झाली, म्हणाली, "आता राहू द्या आत्या, मी येते ना तिकडं." तर तिलाही "न्हाई". सविता मला एकदा म्हणाली होती, "संगीताताई, आधी मी त्या किटलीचा राग करायचे. नंतर किटलीचा आवाज आला न्हाई तर जीव घाबरा व्हायला लागला."

आणि मग त्या उन्हाळ्याची गोष्ट. पाऊस दोन वर्षं धड झाला नव्हता. जवळच्या गावचे आड आटले, टँकर कधी यायचा, कधी नाही. आमच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. याच गावानं वस्तीच्या सुरुवातीला आमच्या बायकांना आडावर घागर बुडवू दिली नव्हती. आता त्याच गावच्या बायका हंडे घेऊन आमच्या रानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आत यायचं धाडस होत नव्हतं त्यांचं, नुसत्या उभ्या. बैठक बसली. ठरत होतं की आधी आपली माणसं, आपली जनावरं, उरलं तर गावाला. माझ्या वडलांनी हो म्हटलं. नामदेवमामानंसुद्धा म्हटलं. उंबऱ्यात पळी आली.

"न्हाई."

"त्यांनी आपल्याला दिलं होतं का, बाई?" वडलांचा आवाज चढला. "विसरलीस का? तुझीच घागर फोडली होती ना?"

"फोडली की. बराबर ध्यानात हाय माझ्या. पर मी काय त्यांच्याकडं शिकायला गेल्ते का? त्यांनी केलं ते आपन गिरवीत बसायचं?"

पाणी इतकं खोल गेलं होतं की मोटार ते उचलत नव्हती. न्हाई आत्यानं म्हटलं होतं, म्हणून दोर आत्यानं धरला. तो सगळा उन्हाळा ती विहिरीच्या काठावर होती. तळहाताची साल निघाली, तिनं हळद लावून फडकी बांधली आणि पुन्हा दोर धरला. चार-आठ दिवसांनी वडील मुकाट्यानं जाऊन तिच्या मागं उभे राहिले आणि त्यांनीही दोर धरला. मग नामदेवमामा गेला, मग बाकीचे. गावची एक म्हातारी आत्याच्या पाया पडायला वाकली, तर आत्या मागं सरकली. म्हणाली, "पाया नगं पडू. आजच्याला जेवून जा आन् ताट घासून जा." ती म्हातारी जेवली. आमच्या पंगतीला त्या गावचं माणूस पहिल्यांदा बसलं ते त्या दिवशी.

आता एवढं सगळं झाल्यावर माणसांना वाटायला लागलं की आत्या आहे म्हणजे आपल्याला चिंता नाही. इथंच आमची चूक झाली. लोक वाईट नव्हते हो. पण आत्याच्या न्हाईच्या आडोशाला बसायची त्यांना सवय लागली. कोणाचं पोरगं पुण्याला गेलं, कोणाचं छत्रपती संभाजीनगरला. तिथून फोन यायचे की वाटणी करा, माझ्या नावचा सातबारा करा, मला घरासाठी कर्ज काढायचंय. म्हातारे इकडून सांगायचे, "मी तर तयार हाय रे बाबा, पर आत्या ऐकत न्हाई." आत्याला यातलं काही कोणी विचारलेलंच नसायचं! बिचारी तिकडं डाळ निवडत बसलेली असायची आणि तिच्या नावावर घराघरात नकार खपत असायचे. एकदा मी तिला हे सांगितलं तर हसली. "खपू दे. माझं काय जातंय? तेवढंच त्यांचं भांडन वाचलं."

नामदेवमामा गेला, माझे वडील गेले. पंगत आखूड झाली. आत्याचे हात कापायला लागले, वरणाचं पातेलं दोघींनी धरून उतरवावं लागायचं. फाट्याच्या बाजूनं मोठा रस्ता झाला आणि जमिनीला गिऱ्हाईकं फिरायला लागली, गोडाऊन बांधायला जागा पाहिजे म्हणून. प्रकाशदादाचा पोरगा तर फोनवर बापाशी बोलायचाच बंद झाला. अशात एका पौर्णिमेला प्रकाशदादानं विषय मांडला. मी होते त्या दिवशी. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "जमिनीची वाटणी करावी. ज्याची त्यानं चूल करावी. ज्याला इकायचं त्यानं इकावं." एवढं बोलून त्यानं आधी उंबऱ्याकडं बघितलं आणि मग खाली बसला.

पळी निघाली. प्रकाशदादा म्हणाला, हो. सविता म्हणाली, हो, आणि पळी पुढं देताना तिनंही उंबऱ्याकडं बघितलं. जो तो हो म्हणत होता आणि जो तो तिकडं बघत होता. माझी आई डोळ्यांनी अधू, पण तिनंही मान तिकडंच वळवली आणि हो म्हटलं. मला काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, आता आत्या झाडणार सगळ्यांना, आणि मजा येणार.

पळी आत्याच्या हातात गेली. तिचं बोट हिरड्यांवरून फिरत होतं. फिरता फिरता थांबलं.

"हो," ती म्हणाली.

कोणाला ऐकूच गेलं नाही जणू. प्रकाशदादा म्हणाला, "काय म्हणलात आत्या?"

"हो म्हनले. समद्यांना जायचं हाय तर मी एकली आडवी कशाला पडू? न्हाई म्हनले तर त्याचं ओझं मला उचलावं लागंल. आता माझ्यानं पातेलं उचलत न्हाई, एवढी घरं कुठून उचलू?" मग तिनं पळी खिळ्याला अडकवली आणि नेहमीसारखं म्हणाली, "चला, पंगत बसवा, वरन गार होऊन राह्यलं."

पंगत बसली. त्या दिवशी टोपल्यात भाकरी तशाच उरल्या.

सकाळी मी आईला धरलं. माझ्या डोक्यात नुसती सणक भरली होती. "आई, तू हो कामून म्हणलीस? तुला वाटणी पाहिजे होती?"

"मला कशाला पाहिजे? मी काय करू त्या तुकड्याचं?"

"मग?"

आई चाचपत भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, ती हाय ना."

मी सविताकडं गेले. ती ओट्यावर बसून होती, समोर चहा गार झालेला. तिनंही तेच सांगितलं. प्रकाशदादाला रानात गाठलं तर हा बाप्या माणूस ढेकळावर बसून रडायला लागला. "मी फक्त पोराला सांगायपुरता इषय काढल्ता ग. बाबा, मी इचारलं, आत्या न्हाई म्हणली, असं सांगितलं असतं. तो माझ्याशी बोलला असता." ज्याला विचारावं त्याचं तेच. सगळ्या वस्तीत वाटणी पाहिजे असलेला एक माणूस मला सापडला नाही.

"मग जा की सगळे मिळून तिच्याकडं," मी आईवर ओरडले. "सांगा, आमचं हो खरं नव्हतं म्हणून. पुढच्या पौर्णिमेला पळी पुन्हा फिरवा."

"काय तोंडानं सांगू? शील म्हनून उठले, खोटं बोलनार न्हाई म्हनाले, आन् लगेच हातात पळी घेऊन खोटं बोलले, असं सांगू?"

"तू सांगत नसशील तर मी सांगते."

मी निघाले तशी आईनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "तुझ्या हातात पळी न्हाई, संगे. आमचं खोटं आम्हीच सांगायचं असतंय. सांगू आम्ही." मी जालन्याला परत आले. दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं असतं तर माणसं शिव्या घालत, हसत, 'चुकलं बुवा' म्हणून दुसऱ्या दिवशी मोकळी झाली असती. आमची माणसं खोटं बोलायला शिकलेली नव्हती, म्हणून एकदा बोलल्यावर ते परत घ्यायचं कसं हेही त्यांना येत नव्हतं. एक पौर्णिमा गेली, दुसरी गेली. मोजणी झाली. हद्दीचे दगड बसले. सांगू सांगू म्हणत घरोघर चुली पेटल्या.

आत्यानं चूल मांडली नाही. "एका जिवाला कशाला?" म्हणाली. स्वयंपाकघर प्रकाशदादाच्या वाटणीत गेलं होतं, त्यानं ते तिला राहायला ठेवलं. जेवायचं काय? तर पूर्वी गरिबाची पोरं शिकायला परगावी राहायची आणि रोज एकेका घरी वार लावून जेवायची, तसे आत्याचे वार लागले. सोमवारी आईकडं, मंगळवारी सविताकडं, पुढं आणखी कोणाकडं. मला फोनवर कळलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यातच बसून घेतलं. जिनं एवढी वर्षं वस्तीला आणि वाटसरूला जेवू घातलं, ती वारानं जेवतेय. मी तिला म्हणाले, माझ्याकडं मस्तगडात ये. तर म्हणाली, "भिक्खू न्हाई का दारोदार जात? मंग मला कसली लाज?" पण तिचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

आईनं शेवटी तिला सांगितलं ते अशाच एका सोमवारी, जेवताना. तोवर वस्तीतल्या दोघांनी पोरांच्या आग्रहापायी आपले तुकडे विकले होते आणि फाट्याच्या बाजूनं सिमेंटची भिंत उभी राहिली होती. आईनंच मला हे सांगितलं. आत्याचा घास हातात तसाच राहिला.

"म्हंजे, कोनालाच जायचं नव्हतं?"

"कोनालाच न्हाई."

"प्रकाशला?"

"त्यालाबी न्हाई."

आत्यानं घास ताटात ठेवला. आईला वाटलं आता ही शिव्या देणार, आणि आईला त्या पाहिजे होत्या. पण आत्या म्हणाली, "चुकलं माझं. समदे माझ्याकडं बघत व्हते, आन् मी पळीकडं बघत बसले. एकदा मान वर केली असती तर कळलं असतं मला." मग तिनं तेवढं अन्न संपवलं, कारण ताटात टाकायचं नाही हाही नियमच होता. आपलं ताट घासलं आणि आईचंही घासून पालथं घातलं. आई सांगताना म्हणाली, "तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं ग."

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. आता आत्याचं घर कुठलं म्हणायचं? कोणाला ठरवता येईना, म्हणून कोणाच्याच घरी चूल पेटली नाही. तेव्हा शेजारच्या गावच्या बायका पाट्या भरून भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरासमोर एका रांगेत बसवून वाढलं. पुण्याची पोरं आली होती, प्रकाशदादाचा पोरगाही. सगळे खाली मान घालून जेवले. कोणी सांगितलं नव्हतं तरी ज्यानं त्यानं आपलं ताट घासलं.

मी तिला शेवटचं बघितलं ते त्याच्या थोडं आधी. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली आणि मी तशीच बस धरून गेले. भर दुपार. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, जुन्याच जागी. मागं ती लांबलचक चूल, राख कधीच काढून टाकलेली, वर खताची पोती रचलेली. पळी खिळ्यालाच होती. मला बघून तिचं तोंड फुललं. शेजारी किटली दिसली, म्हणून मी विचारलं, ही अजून आहे?

"सविता आनती," ती म्हणाली. "तांबडं फुटायच्या आत. रोज. म्या म्हनलं नको ग, तर म्हन्ते, न्हाई." मग हळूच म्हणाली, "आलं न्हाई टाकत बराबर. पर मी काय बोलत न्हाई आता."

बराच वेळ बसलो. तिनं माझ्या पोरांचं विचारलं, नवऱ्याची पाळी दिवसाची का रात्रीची ते विचारलं. वाटणीबद्दल, वस्तीबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी निघायला उठले, तशी ती जन्मभराच्या सवयीनं म्हणाली, "जेवून जा."

बोलली आणि थांबली. तिनं मागं चुलीकडं बघितलं, पोत्यांकडं बघितलं. बोट हिरड्यांकडं गेलं.

"आज कोनाचा वार हाय..." ती स्वतःशीच पुटपुटली. "सनवार. थांब. आज त्या कडच्या घरी असती मी. त्यांना इचारून बघते, आनखी एक माणूस चालंल का म्हनून. न्हाई म्हनायचे न्हाईत ते." आणि उंबऱ्याला हात टेकून ती उठायला लागली. तिच्या तोंडावर एक ओशाळं हसू होतं. तिच्या तोंडावर तसलं हसू मी कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्याच्या घासासाठी दुसऱ्याला विचारायला निघालेली गयाआत्या मी पहिल्यांदाच बघत होते.

मी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"न्हाई आत्या," मी म्हणाले, "मी जेवूनच आलेय."

सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि ते तिला माझ्या तोंडावरून कळलं. माणसाची भूक ओळखण्यात ती बाई आयुष्यात कधी चुकली नव्हती. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं."